ध्रुपद धरणारा

अनुसूयेने वर्गाचं मागचं दार ढकललं, तेव्हा समोरच्या भिंतीवर ती स्वतःच उभी होती.

हिरवं नऊवारी, एका हातात झांज, दुसरा हात वर गेलेला. भिंतभर मोठी. चित्र तिथेच थांबवलेलं होतं, आणि त्या थांबलेल्या हाताखाली तिचा धाकटा भाऊ, प्राध्यापक हयवदन राव, खिशात हात घालून मुलांशी इंग्रजीत बोलत होता.

"या बाईंनी उमेदवाराचं नाव घेतलेलं नाही. पक्षाचं नाही, चिन्हाचंही नाही. त्या फक्त एका हत्तीची गोष्ट सांगतायत. हत्ती पाण्यात आहे, मगरीने पाय धरलाय, तो हाक मारतो. आता पुढे बघा."

त्याने हातातलं बटण दाबलं. अनुसूयेचा आवाज वर्गात घुमला. 'हाक कानावर पडली आणि तो निघाला. वाहन बघितलं नाही, पायात काही घातलं नाही, तसाच पाण्यात उतरला.' पाण्यात उतरला म्हणताना भिंतीवरची अनुसूया गेली आणि गुडघाभर पाण्यातून चालणारा एक माणूस आला. पँट दुमडलेली, पाठुंगळीला एक म्हातारी. सर्जापूर रोडकडचा तो पूर सगळ्या बंगळूरने पाहिला होता, आणि रविवारच्या मतदानासाठी त्या माणसाचा चेहरा सध्या शहरातल्या दर दुसऱ्या खांबावर लटकत होता.

मुलं हसली. कौतुकाचं हसणं होतं ते.

"नाव आपण घेतलंच नाही," हयवदन म्हणाला, "नाव बघणाऱ्याने घेतलं, आपल्या मनात. आणि जे माणूस स्वतःच्या मनात म्हणतो, त्याच्याशी तो भांडत नाही."

अनुसूया पायऱ्या उतरू लागली. वर्ग उतरता होता, नाटकाच्या थिएटरासारखा, आणि तिच्या चपलांचा आवाज प्रत्येक पायरीवर होत होता. हयवदनाने वर पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला, मग उजळला.

"आणि हे आपलं भाग्य," त्याने दोन्ही हात तिच्याकडे केले. "त्या बाई स्वतःच आल्या आहेत. माझी मोठी बहीण."

मुलं उठून उभी राहिली. टाळ्या वाजल्या. अनुसूयेचे हात आपोआप जुळले, कीर्तनाच्या गादीवर उभं राहून लागलेली सवय, आणि ते जुळलेले पाहून तिच्या कानशिलांत रक्त चढलं. तिने हात खाली ओढले.

"बाहेर ये," ती मराठीत म्हणाली.

त्याच्या खोलीत पुस्तकांपेक्षा फोटो जास्त होते. ज्या प्रबंधावर त्याला डॉक्टरेट मिळाली तो हरिदासांच्या आणि कीर्तनकारांच्या श्रोत्यांवर होता. त्या प्रबंधाने नोकरी दिली, नोकरीने टीव्हीवरच्या चर्चा दिल्या, चर्चांनी पुढारी दिले. आधी एका पक्षाला त्याने निवडून आणलं, मग त्याच्या विरोधकांना, मग त्या दोघांना हरवणाऱ्या तिसऱ्यांना. तिघांचेही पुढारी भिंतीवर त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते.

"कॉफी सांगू?"

"नागोजी आज पेटीवर बसणार नाहीत."

हयवदन खुर्चीत बसला. नागोजींना तो लहानपणापासून ओळखत होता. वडिलांच्या कीर्तनाला पेटी त्यांची, वडिलांमागे अनुसूया गादीवर उभी राहू लागली तेव्हाही पेटी त्यांचीच.

"का?"

"त्यांची लेक कुठे राहते ठाऊक आहे ना तुला? सर्जापूर रोडला, तळमजल्यावर. ओट्यापर्यंत पाणी आलं होतं तिच्याकडे. बाळंतपणाला आठ दिवस नव्हते झाले. का आलं पाणी? तुझ्या या देवमाणसाने ओढ्याच्या वाटेवर बिल्डिंग उठवली म्हणून. आधी ओढा बुजवला, आणि मग त्याच पाण्यात उतरून फोटो काढून घेतला."

"तो आरोप आहे, अक्का. कोर्टात आहे."

"नागोजींच्या लेकीच्या भिंतीवर आहे. ओल अजून गेली नाही."

त्याने टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला.

"सकाळी मला म्हणाले, अक्का, तुमच्या तोंडून ऐकलं म्हणून जास्त लागलं. आणि ठेवला फोन. मला एक शब्द बोलू दिला नाही त्यांनी. कीर्तनाला येणाऱ्या बायका तर उचलतच नाहीत."

"तुझा एक शब्दसुद्धा मी बदललेला नाही."

"बदलला असतास तर बरं झालं असतं. खोटं आहे म्हणून सांगता तरी आलं असतं."

हे त्याला आवडलं, हे तिला दिसलं. चांगलं वाक्य ऐकलं की त्याची मान जरा कलायची, तशी ती कलली. तिने समोरची कागदावर ठेवायची काचेची गोटी उचलली आणि घट्ट धरून ठेवली. फेकून मारायचा मोह होऊ नये म्हणून नव्हे, हातांना काहीतरी हवं होतं.

"ते काढून टाक," ती म्हणाली.

"आता ते माझ्या हातात नाही. गेलंय पुढे सगळीकडे. आणि आत्ता खुलासा केला की ज्यांनी बघितलं नाही तेही बघतील. सोमवारी कुणाच्या लक्षातही राहणार नाही. माझा अनुभव आहे हा."

"मला तुझा अनुभव नको. आज एकादशी आहे. संध्याकाळी देवळात ये, आणि चार माणसांसमोर सांग, अक्काला हे माहीत नव्हतं, मी तिला विचारलं नव्हतं. एवढंच एक वाक्य. मग तू कुणाला हवं त्याला निवडून आण."

"किती माणसं असतील?"

"कुणी नसेल. तुझ्या कृपेने."

तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. खोटा नाही, खरंच उतरला. लहानपणी तिची पाटी त्याच्या हातून फुटली होती तेव्हा दिसला होता तसा. उठून तो खिडकीपाशी गेला, आणि म्हणाला, "ते माझ्यावर सोड, अक्का. मंडप भरलेला असेल."

परतताना मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली. हयवदन एकेकाला फोन लावतोय, नागोजींना, पद्मावतीबाईंना, मारतहळ्ळीच्या नीलिमाच्या सासूबाईंना, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं. राजाजीनगर येईपर्यंत जबडा जरा सैल झाला होता.

*

संध्याकाळी पाय धुऊन ती बाजूच्या दाराने मंडपात आली आणि तिथेच थांबली.

मंडप भरला होता. नुसता भरला नव्हता, दाटला होता. पुरुषांच्या बाजूला बायका, बायकांच्या बाजूला पुरुष, मध्ये वाट म्हणून काही उरलीच नव्हती. प्रत्येकाच्या मांडीजवळ एकसारखी पाण्याची बाटली. मारुतीकडे पाठ करून बरेच जण गादीसमोरच्या तिपाईवरचा कॅमेरा बघत होते. एक बाई शेजारणीला कानडीत विचारत होती, जेवणाची पाकिटं आधी की नंतर.

एकही चेहरा ओळखीचा नव्हता. मग मागच्या खांबाशी तिला पद्मावतीबाई दिसल्या, भिंतीला चिकटून, परक्या घरी आल्यासारख्या.

प्रणीत घाईने पुढे आला. हा हयवदनाचा विद्यार्थी, मूळचा नागपूरचा. हत्तीच्या गोष्टीला पुराचं चित्र यानेच जोडलं होतं.

"मॅम, दोन बसेस अजून रिंग रोडला अडकल्यात. तुम्ही स्टार्ट करा, ते लोक मागून जॉइन होतील."

"कोण आहेत हे?"

"क्राउड. म्हणजे, श्रोते. सर म्हणाले आज एक जागा रिकामी दिसायला नको. पार्टीचं काही नाही हां यात, सरांनी पर्सनली केलंय. दुपारपासून जेवले नाहीत ते."

"यांना मराठी कळतं?"

"काळजी नका करू. मी इथून हात वर केला की टाळ्या. सांगितलंय सगळ्यांना."

"आणि तो कॅमेरा?"

"फक्त आर्काइव्हसाठी, मॅम."

हयवदन खांबाआडून आला. धुतलेलं धोतर, अंगावर उपरणं. कित्येक वर्षांनी ती त्याला या वेशात पाहत होती. त्याने मंडपाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे, खाऊ आणलेल्या मुलासारखं.

"बघ," तो म्हणाला.

तिने पदर कमरेला खोचला, काढला, पुन्हा खोचला. त्याने मनापासून आणलं होतं हे. तेच तर तिला सहन होईना. कुणी वाईट बुद्धीने केलं असतं तर तिला दोन शब्द सुचले असते.

"मी माणसं मागितली नव्हती तुझ्याकडे. एक वाक्य मागितलं होतं."

"रिकाम्या मंडपात वाक्य बोलून काय उपयोग, अक्का?"

त्याने हे इतक्या साध्या आवाजात विचारलं की तिला कळलं, हा प्रश्न त्याला खरोखरच पडला आहे. वडिलांनी एकदा धो धो पावसात तीन माणसांसमोर आणि एका समईसमोर अख्खं आख्यान लावलं होतं. तेव्हा त्या तिघांत लहानगा हयवदनही होता. तिने ते त्याला सांगितलं नाही. झांज उचलली.

पेटी तिच्या जागेवर होती, कापडाखाली. तबल्यावर रणजीत बसला होता, मान खाली घालून. आणि गादीकडे जाताना तिला फाटकात नागोजी दिसले. हाताची घडी, पायात चप्पल. आत येत नव्हते, जातही नव्हते.

नमन सुरू झालं. डोळे मिटून तिने सूर धरला आणि पहिलं कडवं संपतं न संपतं तोच टाळ्यांचा कडकडाट झाला. नमनाला कुणी टाळ्या वाजवत नाही. रणजीतचा ठेका अडखळला. तिने डोळे उघडले तर प्रणीतचा हात वर होता.

एकदा नमन म्हटलं की कीर्तनकार गादी सोडत नाही. नाहीतर ती त्याच वेळी उतरली असती, झांज तिथेच टाकून, त्या सगळ्यांतून चालत फाटकाबाहेर गेली असती. राग इतका होता की पुढची ओळ तिला आठवेना. ती समोर बघत राहिली. पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती, ठेंगणी, कपाळावर विभूती. टाळ्या वाजवून झाल्यावर काही चुकलं की काय अशा शंकेने तिने हात जोडून ठेवले होते, आणि अनुसूयेकडे बघून भीत भीत हसली.

अनुसूयेचा श्वास परत आला. ती कानडीत बोलू लागली.

खूप लांबून आलात, म्हणाली. बसमध्ये हाल झाले असतील. ऐसपैस बसा, पाय लांब करा, भिंतीला टेका. आजी, तुम्ही इकडे पंख्याखाली या. टाळ्यांची गरज नाही. कंटाळा आला तर खुशाल उठा, हा मारुती कुणाची हजेरी घेत नाही. मी मराठीत गाईन आणि तुमच्या भाषेत सांगेन. सरी, चालेल ना?

"सरी, अक्का," पुढून दोन-तीन आवाज आले.

प्रणीतचा हात पुन्हा वर गेला. कुणी टाळी वाजवली नाही. तो हात वर तसाच राहिला थोडा वेळ, मग खाली आला.

"हयवदना," अनुसूया म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "ध्रुपद धरायला ये."

तो खांबाशी हसला, मान हलवली. कीर्तनकाराची ओळ मागे उभं राहून जो उचलतो, पुन्हा पुन्हा म्हणतो, तो ध्रुपद धरणारा. वडिलांच्या मागे हे काम त्याचं होतं, मिसरूड फुटेपर्यंत. गादीवरून ओळ आली की मागच्याने ती तशीच्या तशी परत द्यायची, पदरचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचंही नाही. ती परत मिळाल्याशिवाय कीर्तन पुढे सरकत नाही.

"माझा भाऊ आहे," तिने लोकांना सांगितलं. "मोठा प्रोफेसर आहे. पण आवाज वडिलांचा आहे त्याला. स्वल्प लाजतो."

लोक हसले. माना त्याच्याकडे वळल्या, शिवाय हाक गादीवरून आलेली. हयवदन उपरणं सावरत आला आणि तिच्या मागे, डाव्या अंगाला, जिथे उभं राहायचं तिथे बरोबर उभा राहिला.

तिने गजेंद्राचीच गोष्ट घेतली. पाणी, पाय, मगर. थोडं गायली, थोडं कानडीत सांगितलं. हयवदन प्रत्येक ओळ उचलत होता, आधी सांभाळून, मग मोकळा होत. गळा अजून लागत होता त्याचा. फाटकातल्या नागोजींनी त्याच्या एका जागेला नकळत मान हलवली आणि लगेच थांबवली. हाक मारायचा प्रसंग आला तेव्हा अनुसूयेने झांज बंद केली.

"हाक ज्याची त्याची असते," ती म्हणाली. "दुसऱ्याची हाक कुणी उचलून नेली, तर त्या हत्तीने काय करावं?"

आणि तिने नवी ओळ टाकली. चाल तीच, शब्द आत्ताचे.

"अक्काची हाक मी नेली बाजारी, तिला न पुसता देवा, तिला न पुसता."

रणजीतचा ठेका चालू होता. तिने तीच ओळ लोकांना कानडीत समजावली, हत्तीचा संबंध न लावता. परवापासून फोनवर फिरणारा तो आवाज माझा आहे, तो पाण्यातला माणूस माझा नाही, मला न विचारता हे झालं. कुणी केलं ते हा सांगेल. मग पुन्हा ओळ म्हणून ती थांबली.

हयवदनाने ओळ उचलली. पहिल्यांदा खाली, जेमतेम. मंडपात चुळबूळ थांबली. मागे पद्मावतीबाई खांब सोडून पुढे झाल्या.

तिने पुन्हा दिली. त्याने पुन्हा घेतली, आणि या वेळी पूर्ण आवाजात. 'तिला न पुसता' वर तो रेंगाळला, स्वर वर नेला, तिथे जरा कापरा केला. पुढच्या रांगेतल्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. अनुसूयेने मान किंचित वळवून त्याच्याकडे पाहिलं.

त्याचे डोळे भरले होते. खरंच भरले होते. हनुवटी वर होती, एक हात उपरण्यावर, आणि चेहरा लोकांकडे नव्हता, मारुतीकडे नव्हता. तिपाईकडे होता. प्रणीत कॅमेऱ्यामागे वाकून एकेक पाऊल जवळ येत होता.

उद्या सकाळपर्यंत हे सगळ्या शहराने बघितलेलं असेल. बहिणीच्या पायाशी रडणारा प्राध्यापक. लोक म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस. सोमवारी याला चौथा पक्ष विचारायला येईल.

किंवा तसं नसेलही. रडताना कुठे बघावं हे इतक्या वर्षांत तो विसरून गेला असेल. तिला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही याचाच राग सगळ्यात मोठा होता.

कीर्तनकार गादीवर फिरतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. अनुसूया दोन पावलं डावीकडे सरकली आणि कॅमेऱ्याच्या आणि भावाच्या मध्ये उभी राहिली. नऊवारीतली रुंद बाई. तिपाईवरून आता तिच्याशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं.

प्रणीतने हाताने खूण केली, जरा बाजूला. मग ओठांनी, "मॅम." ती हलली नाही. तो तिपाई उचलून उजवीकडे जाऊ लागला, तर पुढच्या रांगेतली म्हातारी पाय लांब करून बसली होती. तिने ते जवळ घेतले नाहीत.

अनुसूयेने ओळ दिली. तिसऱ्यांदा, अगदी साधी, सुराला कुठेही न सजवता.

मागून काही आलं नाही. ठेक्याचं एक आवर्तन फिरलं, दुसरं फिरू लागलं. फाटकात नागोजींनी हाताची घडी सोडली होती.

"म्हण," ती मागे न बघता म्हणाली.

त्याने श्वास घेतलेला तिला ऐकू आला. मग आवाज आला, पण तो सुरात नव्हता. पहिल्या रांगेच्या पुढे तो पोचला नसेल. 'अक्काची' तर नुसतीच हवा होती, आणि 'बाजारी' वर तो फुटला.

अनुसूयेने झांज वाजवली नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.